शाळा-उद्योग सांगड, मराठवाड्यातील

शाळा, आयटीआय, तंत्रनिकेतने व महाविद्यालये यांतील शिक्षण आणि परिसरातील कारखानदार, प्रक्रिया उद्योजक व सेवा व्यावसायिक यांची मनुष्यबळाची गरज यांचा मेळ घालणारी व्यवस्था. शिकाऊ उमेदवारी, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कारखान्यात केलेले प्रत्यक्ष काम आणि संस्थेच्या कारभारात उद्योजकांचा सहभाग ही तिची नेहमीची रूपे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ती सारखी बसलेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात ती घट्ट आहे, जालन्यात अर्धीमुर्धी, आणि उरलेल्या भागात बहुतेक ठिकाणी कागदावर.

याचे एक कारण घटनाक्रमात आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा या भागात नांदेडच्या उस्मानशाही मिलसारखे थोडे अपवाद सोडले तर मोठा कारखाना नव्हता. शिक्षणाची वाढ मात्र लगेच सुरू झाली : १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. वाळूजची औद्योगिक वसाहत गजबजली ती १९८०च्या दशकात. मधल्या काळात शिकलेल्या पिढीला नोकरी देणारा मोठा मालक एकच होता, तो म्हणजे सरकार. शाळामास्तर, तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद हीच ‘लागण्याची’ ठिकाणे ठरली. आजही तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिका भरतीच्या तयारीसाठी भरलेल्या असतात, त्याची मुळे इथे आहेत. कारखान्यातली नोकरी ही बराच काळ दुसरी पसंती राहिली.

वाळूजमध्ये चित्र पालटले. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची साखळी भोवती उभी राहिली. एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या त्यातूनच मोठ्या झाल्या. या साखळीला फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि विशेषतः टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे व हत्यारे बनवणारे कारागीर, हवे होते. चिकलठाणा एमआयडीसीतील इंडो-जर्मन टूल रूमने ही गरज भागवली, आणि तिची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. टूल रूम हे एकाच वेळी प्रशिक्षण केंद्रही असते आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांची कामे घेणारा कारखानाही. मुलगा ज्या मशीनवर शिकतो, त्याच मशीनवर कुणाचा तरी साचा बनत असतो; माप चुकले तर गिऱ्हाईक माल परत पाठवते. वर्गात कितीही आकृत्या काढल्या तरी हा धाक निर्माण होत नाही. प्लास्टिक प्रक्रियेसाठी याच वसाहतीत सिपेट ही केंद्रीय संस्था आहे. या दोन्ही संस्थांचा गिऱ्हाईक-कारखाना काही मैलांच्या आत आहे, आणि त्यांच्या यशाचा मोठा वाटा या अंतरातच आहे. सीएमआयए व मासिआ या उद्योजकांच्या संघटनाही इथेच आहेत. त्यामुळे संस्थेला कोणाशी बोलायचे ते शोधावे लागत नाही. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत मोठे नवे प्रकल्प येऊ लागल्यापासून ही मागणी आणखी वाढत आहे.

कायद्याची चौकट देशभर एकच आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर ते ऐच्छिक. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत त्याचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. उमेदवारी संपल्यावर कायम करण्याची सक्ती मालकावर नाही. त्यामुळे काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर असा व्यवहार होतो : वर्षभर माल उचलायला लावायचा, मुदत संपली की नवी तुकडी आणायची. सांगडीवरचा हा सर्वांत रास्त आक्षेप आहे आणि केवळ तुकड्या मोजणाऱ्या अहवालात तो दिसत नाही.

सरकारी आयटीआयमध्ये उद्योजकांना आणण्याचा प्रयत्न २००७-०८ मध्ये झाला. देशातील १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती, अशी ती योजना होती. औद्योगिक शहरात ती शोभते. ज्या तालुक्यात कारखानाच नाही, तिथे अध्यक्ष आणायचा कुठून? मग मुलगा वायरमन किंवा वेल्डरचा ट्रेड करतो आणि गावातला कुणी आधी जिथे लागला आहे तिथे, म्हणजे चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला, त्याच्या खोलीवर जाऊन उतरतो. कंपनीच्या गेटवर त्याची गाठ बहुधा ठेकेदाराशीच पडते. मराठवाड्याने शिकवायचे आणि चाकणने वापरायचे, याला प्रादेशिक मनुष्यबळ म्हणणे अवघड आहे.

घर आणि मालक यांना जोडणारी यंत्रणा या भागात नाहीच, असे मात्र नव्हे. बीड जिल्ह्यात ती जुनी, चोख आणि दारापर्यंत पोचणारी आहे : ऊसतोडीचा मुकादम. तो आगाऊ उचल देतो, ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी ठरवतो आणि दिवाळीच्या आगेमागे टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याकडे रवाना होते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. मुले बरोबर गेली की शाळेचे वर्ष मध्येच तुटते. म्हणून मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. शाळा सुटण्याच्या वयाच्या मुलापुढे मुकादम रोख रक्कम ठेवतो, आयटीआय दोन वर्षांनंतरची शक्यता ठेवते. विद्यावेतनाच्या आकड्यांवर होणाऱ्या चर्चेत ही तुलना अभावानेच येते, पण कुटुंब ती रोज करत असते. मुलींच्या बाबतीत त्यात एसटीची वेळ, वसतिगृह आणि लवकरचे लग्न यांचीही भर पडते.

लातूरचे उदाहरण उलट्या टोकाचे. ‘लातूर पॅटर्न’ ही मराठवाड्याने उभी केलेली बहुधा सर्वांत शिस्तबद्ध शैक्षणिक व्यवस्था. तिची सांगड मात्र मालकाशी नसून प्रवेश परीक्षेशी आहे, आणि यशस्वी विद्यार्थी पुढे बाहेर जातो. त्याच शहरात डाळ मिल आणि सोयाबीन तेलाचे कारखाने आहेत. शिवाय २०१८ मध्ये पायाभरणी झालेला रेल्वे डबे कारखाना. शिकवणीसाठी दूरवरून मुले येतात, पण या कारखान्यांना लागणाऱ्या ऑपरेटर आणि देखभाल कामगारांसाठी तसा कोणताही पॅटर्न शहराने घडवला नाही.

शेतीशी जोडलेल्या उद्योगांत ही सांगड सहज बसायला हवी होती. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली आणि शहर बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. पोलादाच्या रोलिंग मिल हे शहराच्या उद्योगाचे दुसरे अंग. बियाण्याला उगवणशक्ती तपासणारे, प्रक्रिया यंत्रे चालवणारे, बीजोत्पादनाच्या प्लॉटवर देखरेख करणारे लोक लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या पदवीला शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव आहे, विद्यार्थी गावात आणि कृषी उद्योगात काही काळ काढतात. पण तो पदवीधरांसाठी. प्रयोगशाळेत व प्लॉटवर हाताने काम करणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलामुलींचे प्रशिक्षण मात्र मुख्यतः कामावर बघत बघतच होते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवण्याची तरतूद आहे, आणि २०२५ पासून पीएम-सेतू योजनेत एक हजार आयटीआय केंद्र व उपकेंद्र अशा जोडणीने सुधारल्या जाणार आहेत. जिल्ह्याच्या मोठ्या आयटीआयभोवती तालुक्याच्या संस्था बांधण्याची ही कल्पना मराठवाड्याच्या भूगोलाला जुन्या योजनेपेक्षा बरी मानवेल.

मोठी अडचण हंगामाची. जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे काम, कापूस येऊ लागला की सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थंडावते. डाळ मिलचे कामही तुरीच्या आवकेवर हलते. शिकाऊ उमेदवारीची मुदत मात्र सहा महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत. अनेक जिनिंग मालकांकडे सहा महिने सलग कामच नसते, आणि ऐच्छिक गटात असल्यामुळे ते या व्यवस्थेत उतरतही नाहीत. एकाच मुलाला हंगामाप्रमाणे आधी जिनिंगमध्ये, मग डाळ मिलमध्ये, मग बियाण्याच्या गोदामात शिकवायचे तर करार तिघांनी मिळून करावा लागेल.