फसफसला म्हणजे रीफचा झाला का? राजूरची चुनखडी आणि पोवळ्याचा दगड

माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी पाहिली की माणूस थबकतो. आमच्या वणीकडे (जिल्हा यवतमाळ) समुद्र सुटीत पाहायची गोष्ट. मासे बघून झाले की गिऱ्हाईक दगडांकडे बोट दाखवतं, "हा तं आपल्या राजूरचा गोटा हाये ना भाऊ?" अर्धं खरं आहे. खालचे तीन गोटे वणीजवळच्या राजूरचे, वरचे नाहीत. सगळेच राजूरचे लावून मी एकदा तोंडावर आपटलो आहे, म्हणून हा फरक जरा सविस्तर.

गफलत व्हिनेगरपासून सुरू होते. दगड टाकीत चालेल का, हे पाहायला त्यावर चार थेंब व्हिनेगर टाकायचं आणि बुडबुडे आले तर तो रीफचा, म्हणजे समुद्रात पोवळ्यांनी बांधलेल्या खडकाचा, असं सर्रास सांगतात. राजूरची चुनखडी फसफसते. पोवळ्याचा दगडही फसफसतो. आपला काळा दगड ढिम्म राहतो. मी खूश झालो, कारण राजूरच्या चुन्याच्या भट्ट्यांच्या परिसरात असे गोटे हवे तेवढे. नागपूरच्या दुकानात किलोवर पैसे मोजायचे कशाला?

बुडबुडे एवढंच सांगतात की दगडात कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते दोघांतही आहे. फरक त्याच्या घडणीत. चुनखडीत ते मुख्यतः कॅल्साइट या स्फटिकरूपात असतं, रीफ बांधणाऱ्या पोवळ्याच्या सांगाड्यात अरॅगोनाइट या रूपात. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी. अंगठीतलं लाल पोवळं मात्र कॅल्साइटचं, आणि तो जीव रीफ बांधणाऱ्यांतला नव्हेच. म्हणजे 'पोवळं' या एका शब्दातही दोन गोष्टी गुंतल्या आहेत.

गंमत अशी की आमची चुनखडीही समुद्राच्याच तळाची. वणी-चंद्रपूर पट्ट्यातला पैनगंगा गटाचा चुनखडक प्रोटेरोझोइक काळातला, पन्नास कोटी वर्षांहून कितीतरी जुना. आजची रीफ बांधणारी पोवळी साधारण चोवीस कोटी वर्षांपूर्वी आली. म्हणजे आमच्या शेताखाली जो समुद्र होता त्यात पोवळी नव्हतीच. बारीक गाळ थरावर थर बसत गेला, वरच्या भारानं दाबला गेला आणि भरीव झाला. पोवळ्याचा दगड असा दबून झालेला नाही. एकेका जिवानं आपली खोली बांधली, ती रिकामी झाली, तिच्यावर दुसऱ्यानं बांधली. त्यामुळे तो आतून पोकळ, जाळीदार. रामेश्वरला हौदात तरंगणारे दगड ज्यांनी पाहिलेत त्यांना दगडाच्या पोटात हवा कोंडली की काय होतं हे सांगायला नको.

टाकीत ही भोकंच काम करतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. दगडावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे काम पृष्ठभागावर, प्राणवायू असतो तिथे होतं, त्यामुळे चुनखडीवरही होतं. मात्र नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवणारे जिवाणू जिथे प्राणवायू जवळजवळ नाही अशा खोल भोकांत राहतात. भरीव गोट्यात त्यांना घरच नाही. दोन्ही दगड कोरडे करा, वर पाण्याचा थेंब टाका. चुनखडीवर तो बराच वेळ फुगून बसतो, जाळीदार दगड लगेच पिऊन टाकतो. व्हिनेगरच्या बाटलीपेक्षा या थेंबावर माझा जास्त भरवसा आहे.

आणखी एक समज मोडायला हवा. फसफसणारा दगड टाकीत ठेवला की पोवळ्यांना लागणारं कॅल्शियम सुटत राहतं, असं म्हणतात. रीफ टाकीचा, म्हणजे पोवळी ठेवतात त्या खाऱ्या टाकीचा, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी तितकं आम्ल) ८.१ ते ८.४ असतो, तिथे दोघांपैकी कुठलाच दगड विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. अरॅगोनाइट विरघळवायचं तर त्यासाठीच्या वेगळ्या भांड्यात, म्हणजे कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. कॅल्शियमसाठी बरेच रीफवाले चुन्याची निवळी वापरतात. हो, तीच आपली निवळी, त्यांच्यात जर्मन नावानं काल्कवासर. हे ऐकून एकानं लगेच तंबाखूच्या खर्र्याच्या चुन्याची डबी पुढे केली. ती नको. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवं, आणि तेही थेंबाथेंबानं, कारण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

आता वजन. कापूस मोजायचा हुक काटा घरात होता. दहा किलोचा राजूरचा गोटा सुतळीनं बांधून बादलीत लोंबकळवला, तर काटा सव्वासहाच्या थोडा वर थांबला. पोवळ्याचा दहा किलोचा दगड असता, भोकांत पूर्ण पाणी शिरलेला, तर हिशोबानं साडेसहाच्या आसपास आला असता. म्हणजे पाण्यात किलोला किलो दोघं सारखेच. मग जाळीदार दगड हलका का म्हणायचा? कारण तो त्याच दहा किलोत कितीतरी जास्त जागा भरतो. तेवढ्याच उंचीची कमान चुनखडीत केली तर काचेवर खूप जास्त भार बसतो, आणि पडली तर तेवढ्याच जोरानं पडते.

माझी पडली. टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, काठोकाठ भरली तर १८२ लिटर. आधी वाळू पसरली, वर चुनखडीची कमान रचली, सांध्यांत इपॉक्सी पुट्टी दाबली. तीन आठवडे झकास उभी होती. मग पिस्तूल झिंगा आणि त्याचा सोबती गोबी मासा आणला. झिंगा दिवसभर बीळ खणतो, गोबी दारात पहारा देतो. खणत खणत स्वारी कमानीच्या एका पायाखाली गेली. रात्री दुकान बंद करताना मागून धप्प आवाज आला. काच वाचली, पण तळाला नखाएवढा टवका उडाला. दोघंही जिवंत होते, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले दादाजी आले. आयुष्यभर विहिरी बांधलेला गवंडी माणूस. पडलेले गोटे पाहून म्हणाले, "चिकटवलं कायले? आधी बसवाव लागते न बाप्पा. बसला तं मंग चिकटव, नाय तं तसाच ठेव." त्यांनी एक गोटा फरशीवर ठेवला आणि अंगठ्यानं कोपरा दाबला. डुलला. फिरवून पुन्हा ठेवला, पुन्हा डुलला. तिसऱ्यांदा तीन टेकूंवर बसला तो हललाच नाही. "चार पायाचा गोटा डुलते, तीन पायाचा नाय डुलत." नंतर म्हणाले, सिमेंटनं जोडून देतो. ते मी टाळलं. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो, पीएच चढतो, आणि पाणी बदलत बदलत तो दगड कित्येक आठवडे भिजवत ठेवावा लागतो.

त्यांच्या त्या एका वाक्यावर सगळं नव्यानं बांधलं. तळाच्या काचेवर पातळ अ‍ॅक्रिलिकची शीट, तिच्यावर थेट दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. आता झिंग्यानं कितीही खणलं तरी शीटपर्यंतच. पायाला राजूरचेच तीन गोटे घेतले, प्रत्येक तीन टेकूंवर. तिथे वजन हवंच असतं आणि भोकं नसली तरी बिघडत नाही. घेताना घासून धुतले, गंजासारखे तांबूस पट्टे किंवा चकचकीत धातूच्या शिरा दिसल्या ते गोटे बाजूला टाकले.

वरच्या भागाला जाळीदार दगड, मात्र पोवळ्याचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी पोवळी आहेत. मन्नारच्या आखातातून, लक्षद्वीपहून किंवा अंदमानातून तो दगड उचलणं गुन्हा आहे, कुणी 'जिवंत दगड', म्हणजे जिवाणूंनी भरलेला तयार दगड, म्हणून स्वस्तात देत असेल तरी. मी घेतला तो भाजलेल्या मातीचा, रीफसारखी भोकं पाडून कारखान्यात बनवलेला. त्याच्यावर व्हिनेगर टाका, एकही बुडबुडा येत नाही. टाकीत सगळ्यात चांगला चाललेला दगड त्या परीक्षेत सपशेल नापास!

जोडणीत पुट्टी आणि सुपरग्लू यांचीही अशीच गफलत होते. पुट्टी भरते, धरत फार नाही, ओल्या दगडावर तर सरळ निसटते. सायनोअ‍ॅक्रिलेट जेल, म्हणजे सुपरग्लूच, धरतं, पण खडबडीत सांध्यातली फट भरू शकत नाही. म्हणून दोन्ही पृष्ठभागांवर जेल आणि मध्ये पुट्टीची गोळी. जिथे कमान लोंबते तिथे मी एवढ्यावर विसंबलो नाही. दोन्ही दगडांत ६ मिलीमीटरचं भोक पाडून अ‍ॅक्रिलिकची कांडी घातली. भाजक्या दगडात ड्रिल लोण्यासारखं गेलं, चुनखडीत दोन बिट घासले. लोखंडी सळई गंजते आणि तांब्या-पितळेचा अंश झिंग्यांचा जीव घेतो, त्यामुळे दुकानात तारांची रास पडलेली असूनही एक तुकडा वापरता आला नाही. पूर्ण रचना टाकीबाहेर फरशीवर दोन दिवस ठेवली आणि दादाजींना चारही बाजूंनी अंगठा लावायला सांगितला. दगड आणि काच यांत चार बोटं अंतर सोडलं, नाही तर शेवाळ खरवडायला हात जात नाही.

बाकी पाण्याचं थोडक्यात: गावच्या जारमधलं आरओ पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्याजवळ येत नाही, उरलेले क्षार काढायला डीआय फिल्टर पुढे लावावा लागतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम रीफचं मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५. मे महिन्यात पाणी गार ठेवायला पंखा आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, दोन्ही.

दादाजी अधूनमधून येतात. माशांकडे बघत नाहीत, वाकून पायाचे गोटे बघतात. झिंग्यानं आता त्यांतल्या मधल्या गोट्याला टेकून बीळ काढलंय, छत आयतंच मिळालं. रात्री शटर ओढताना मागून त्याच्या नांगीचा टक्क आवाज येतो. आधी मी दचकून टॉर्च लावायचो. आता कुलूप घालतो आणि घरी जातो.