हरण्या, एचआयव्ही आणि जीनची कात्री

जळगावच्या रावेर-यावलकडे केळीवर हरण्या हा व्हायरसचा रोग आला की काय करायचं हे पोरासोरांनाही माहितीये, झाड उपटायचं आणि लांब नेऊन गाडायचं. फवारणी होते ती मावा ही कीड मारायला, कारण तोच व्हायरस पसरवतो, पण एकदा पानात शिरलेला व्हायरस बाहेर काढणारं औषध नाही. माणसं झाडं नसतात, तरी एकेकाळी एचआयव्हीवाल्यांना गावांनी उपटूनच टाकलं होतं, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

आमच्या गल्लीतला एक दादा, आधी ट्रक चालवायचा, कित्येक वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या खातोय, तब्येत ठणठणीत. परवा मोबाईल पुढे करून म्हणे, "भाऊ, हे जीनचं इंजेक्शन निघालं म्हने, आता गोया सोडून देऊ का?"

तर त्याच्यासाठीच लिहितोय. एचआयव्ही आपल्या सीडी४ पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि स्वतःचे जीन आपल्या डीएनएमध्येच घुसवून देतो. गोळ्या नवीन व्हायरस बनू देत नाहीत, पण काही पेशींत तो गपचूप झोपलेला राहतो, गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच परत उठतो.

पेशीत शिरायला त्याला बहुतेक वेळा सीसीआर५ नावाचं दार लागतं. उत्तर युरोपात साधारण 1 टक्का लोकांमध्ये हे दार जन्मतःच नसतं. बर्लिनमध्ये टिमोथी ब्राऊनला ब्लड कॅन्सर होता, 2007 मध्ये त्याला अशाच, दार नसलेल्या डोनरच्या स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या पेशी) दिल्या आणि एचआयव्ही गेला तो गेलाच. पण ते ट्रान्सप्लांट जीवावरचं काम, कॅन्सर नसलेल्याला कोण देणार? म्हणून मग पेशंटच्याच पेशी बाहेर काढून दार मोडायचं आणि परत सोडायच्या, ही आयडिया. पेनसिल्व्हेनियाच्या टीमने 12 जणांवर हे केलं, 2014 मध्ये छापलं, प्रकार सेफ निघाला, बदललेल्या पेशी टिकल्यासुद्धा, पण सगळ्या पेशींची दारं काही मोडली जात नाहीत, आणि काही व्हायरस सीएक्ससीआर४ या दुसऱ्याच दाराने येतात.

दुसरा रस्ता मला जास्त भारी वाटतो, क्रिस्पर म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारं तंत्र, त्याची कात्री आत पाठवून झोपलेला व्हायरसच डीएनएमधून कापून काढायचा. 2022 पासून माणसांवर ट्रायल सुरू झाली. तिघांनी डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या थांबवल्या, तिघांतही व्हायरस परत आला, फक्त एकात जवळजवळ 16 आठवडे लागले. ते 16 आठवडे मला फार मोठे वाटतात, म्हणजे कात्री कुठेतरी लागली असणार, पण लपलेल्या सगळ्या पेशींपर्यंत ती पोचवायची कशी यावरच गाडी अडलीये.

हे सगळं दादाला ओट्यावर बसून सांगितलं. सरकारी एआरटी सेंटरवर गोळी फुकट मिळते, ती चालूच ठेव म्हटलं, त्याने रात्री नऊचा अलार्म लावलेला असतो, तो मोबाईलमध्ये परत चेक केला.