ऑस्ट्रेलियाचे आरंभीचे पंतप्रधान

ऑस्ट्रेलियाचे आरंभीचे पंतप्रधान : सहा ब्रिटिश वसाहतींचे १ जानेवारी १९०१ रोजी संघराज्य झाले. तेव्हापासून एप्रिल १९१० च्या निवडणुकीपर्यंत एडमंड बार्टन, आल्फ्रेड डीकिन, ख्रिस वॉटसन, जॉर्ज रीड व अँड्र्यू फिशर या पाच जणांची मिळून सात मंत्रिमंडळे झाली. त्यांतील तीन डीकिन यांची. राज्यघटनेत पंतप्रधानपदाचा उल्लेख नाही. ते ब्रिटिश संकेतानुसार चालत आले. मंत्र्याने तीन महिन्यांत संसद सदस्य व्हावे, ही कलम ६४ ची अट पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच लागू होणार होती. त्यामुळे बार्टन यांना संसदेआधीच कारभार हाती घेता आला. गव्हर्नर जनरल होपटन यांनी प्रथम पाचारण केले ते न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री विल्यम लाइन यांना. ते संघराज्याचे विरोधक असल्याने डीकिन प्रभृतींनी साथ नाकारली व नाताळच्या तोंडावर निमंत्रण बार्टन यांच्याकडे गेले.

‘संघराज्याचे जनक’ हा मान हेन्री पार्क्स यांना दिला जातो, तो मुख्यतः टेंटरफील्ड येथील भाषणामुळे (२४ ऑक्टोबर १८८९). राज्यघटनेच्या मसुद्यापुरते पाहिल्यास टास्मानियाचे इंग्लिस क्लार्क व क्वीन्सलंडचे सॅम्युएल ग्रिफिथ यांचा वाटा अधिक ठरतो. क्लार्क यांचा मसुदा आधीचा, बराचसा अमेरिकी वळणाचा; त्याच्या आधारे १८९१ च्या ईस्टरमध्ये ‘ल्युसिंडा’ आगबोटीवर ग्रिफिथ व सहकाऱ्यांनी घटना अधिवेशनाचा मसुदा घडवला. राज्यघटनेवरील १८९८ च्या सार्वमतात न्यू साउथ वेल्समध्ये ७१,५९५ अनुकूल व ६६,२२८ प्रतिकूल मते पडली, पण किमान ८०,००० अनुकूल मतांची अट असल्याने प्रस्ताव तेथे अडला. पुढल्या वर्षी तेथील तेव्हाचे मुख्यमंत्री रीड यांनी सवलती मिळवल्या. राजधानी त्यांच्या वसाहतीत, पण सिडनीपासून किमान १०० मैलांवर असावी, ही त्यांपैकी एक.

‘ब्रॅडन कलमा’ला दहा वर्षांची मुदत घालणे ही दुसरी सवलत. एडवर्ड ब्रॅडन हे टास्मानियाचे मुख्यमंत्री, पूर्वी अवधमधील सरकारी अधिकारी. या कलमानुसार जकात व अबकारीच्या निव्वळ उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग राज्यांसाठी होता. म्हणजे केंद्राला एक पौंड हवा, तर चार उभारावे लागत. १९०८ च्या कायद्याने केंद्राच्या खर्चानंतरची शिल्लक रक्कम राज्यांना न देता न्यास निधीत वळवण्यात आली.

संसदेत संरक्षणवादी (आयात जकातीने देशी उद्योग राखू पाहणारे), मुक्त व्यापारवादी व मजूर असे तीन गट होते. कोणालाही बहुमत नव्हते. डीकिन यांनी या स्थितीला तीन संघांच्या क्रिकेट सामन्याची उपमा दिली. कामगार-मालक तंटे सोडवण्यासाठीच्या औद्योगिक लवाद विधेयकावर दोन सरकारे गेली : राज्यांच्या कर्मचाऱ्यांना त्यात घेण्याच्या दुरुस्तीवर डीकिन यांचे (एप्रिल १९०४) आणि कामगार संघटनेच्या सदस्यांना प्राधान्य देण्याच्या तरतुदीवर वॉटसन यांचे (ऑगस्ट १९०४). विधेयक मंजूर झाले ते रीड यांच्या काळात. फिशर यांना १९१० मध्ये दोन्ही सभागृहांत स्पष्ट बहुमत मिळाले.

वॉटसन यांच्या जन्माबद्दल मतभेद होते. ते स्वतःला ब्रिटिश पित्याचे पुत्र म्हणवत. उपलब्ध कागदपत्रांवरून त्यांचा जन्म १८६७ मध्ये चिलीतील वाल्परायसो येथे झाला व पिता जर्मन वंशाचे टँक असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास परकीय नागरिकाला अपात्र ठरवणाऱ्या कलम ४४ खाली त्यांच्या सदस्यत्वाला आव्हान देता आले असते.

डीकिन यांनी १८९०–९१ मध्ये भारतातील कालव्यांची पाहणी केली होती. तेच १९०१ मध्ये महान्यायवादी असताना स्थलांतर निर्बंध कायदा झाला. त्यात अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचे श्रुतलेखन देऊ शके व ते न जमल्यास प्रवेश नाकारला जाई, आणि ब्रिटिश प्रजा असूनही भारतीयांना हीच चाळणी लागू होती.