ड्रममधला बर्फ आणि मांडीतली उष्णता

‘बर्फात बसलं की पायातलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं.’ धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे वाक्य आता पाठ झालंय. मोबाइलवर टबात बसलेले परदेशी खेळाडू दिसतात, मग इथे निळा ड्रम येतो आणि कारखान्यातून बर्फाची लादी. बर्फात बसण्याचा थोडा उपयोग आहे, पण त्यात लॅक्टिक ॲसिडचा काही हात नाही. धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे शरीरातलं लॅक्टिक ॲसिडचं रूप, थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप उतरतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, काहीचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं. मांड्या भरून येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोवर ते कधीच संपलेलं असतं.

दुखण्याचं मूळ वेगळं आहे. बैठक मारताना खाली जातो तेव्हा, किंवा तोरणमाळच्या घाटात उतारावर धावताना, मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. या ओढाताणीत तंतूंची आतली रचना जागोजागी विस्कटते. दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, थोडी सूज येते, वेदनेचे चेतातंतू हळवे होतात. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. चढताना दम लागतो, पण पाय दुखवतो तो उतार.

गार पाण्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेतातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मंदावतो, म्हणून दुखणं कमी जाणवतं. शिवाय पाण्याचा स्वतःचा दाब असतो. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरइतका भरतो आणि पायात साचलेला द्रव वर ढकलतो. हा दाब कोमट पाण्यातही तेवढाच मिळतो, हे बर्फप्रेमींच्या लक्षात येत नाही.

खरी गंमत आहे ती थंडी आत किती पोहोचते यात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे, त्यामुळे त्वचा एक-दोन मिनिटांतच गार पडते. पण स्नायू त्वचेच्या आत आहे, आणि घन पदार्थात उष्णता सरळ हिशेबाने चालत नाही. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. बट्टीचा गोळा दुप्पट जाड केला की वरून होतो आणि आत कच्चा राहतो, तो याच नियमाने. सूत्र सोपं आहे: अंतराच्या वर्गाला उष्णता पसरण्याच्या गुणांकाने भागायचं. स्नायूसाठी हा गुणांक सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटरसाठी १०० भागिले ०.१४, सुमारे ७०० सेकंद, १२ मिनिटं. २ सेंटिमीटरसाठी पाऊण तासाहून जास्त. चरबीत हा गुणांक सुमारे ०.१, म्हणून सेंटिमीटरभर चरबीलाच १७ मिनिटं जातात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण जिवंत मांडीत रक्तही उष्णता वाहून नेतं. पण गार पाण्याने वाहिन्या आकसल्या की ती वाहतूकही मंदावते, आणि उरतो तो हा रांगता प्रवास. बाहेर आल्यावरही तो थांबत नाही. आतला गरम स्नायू बाहेरच्या गार थराला उष्णता देतच राहतो, म्हणून खोलवरचं तापमान नंतरही काही मिनिटं उतरतं.

तेव्हा २ अंशाच्या पाण्यात दात खाऊन बसणारा मुख्यतः स्वतःच्या कातडीला शिक्षा देतो. अभ्यासांत बहुधा वापरलं जातं ते १० ते १५ अंश सेल्सिअसचं पाणी, १० ते १५ मिनिटं.

आता खानदेशातलं पाणी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. विहिरीचं पाणी साधारण वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास, २७ अंश धरू. रांजणाचं आणखी गार, पण बाष्पीभवनाला मर्यादा आहे: ४२ अंश हवा आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते २२ अंशांच्या खाली जाणार नाही. पुढे बर्फच लागतो. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, म्हणून १०० लिटर पाणी २७ वरून १४ अंशांवर आणायचं तर १३०० किलोकॅलरी काढायच्या. एक किलो बर्फ वितळताना ८० आणि १४ अंशांपर्यंत तापताना १४, म्हणजे ९४ किलोकॅलरी घेतो. भागाकार सुमारे १४ किलो. टाकीचं ३५ अंशांचं पाणी घेतलं तर २२ किलोच्या वर. माणसाच्या अंगातली उष्णता आणि तापलेला ड्रम यांच्यासाठी ३-४ किलो हाताशी ठेवा.

लादी फोडून टाका, अख्खी लादी हळू वितळते. बर्फ वर तरंगतो, गार पाणी तळाला बसतं, म्हणून काठीने तळापासून ढवळा आणि मांडीच्या पातळीवर तापमान मोजा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचे आकडे ३५ च्या आसपास सुरू होतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला घ्या. बसल्यावरही अधूनमधून पाणी हलवा, नाहीतर पायाभोवती कोमट पाण्याचा थर तयार होतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये उकिडवं बसलं की १०० लिटर पाणीही कमरेच्या वर येतं. ड्रम कशाचा होता हे आधी विचारा. कपाशी-केळीच्या पट्ट्यात निळे ड्रम कीटकनाशकाचेही असतात, ते कितीही धुतले तरी नकोत.

एकट्याने उतरू नये. पहिल्या मिनिटात श्वास अडखळतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेहाने बधिर झालेले पाय किंवा उघडी जखम असेल तर हा नाद सोडा. बाहेर येताना पाय सुन्न असतात, पडण्याचे प्रकार तेव्हाच होतात.

फायदा किती? कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१२ च्या आढाव्यात १७ लहान चाचण्या आणि ३६६ जण होते. नुसतं बसून राहण्यापेक्षा गार पाण्याने दुखणं कमी झालं, इतपत पुरावा मिळाला. २०१४ च्या एका प्रयोगात काहींना कोमट पाण्यात साधा साबण घालून ‘हे खास तेल आहे’ असं सांगितलं. दोन दिवसांत त्यांची ताकद बर्फवाल्यांइतकीच परतली. विश्वासाचाही वाटा असतो. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यात न्हाऊन रोग जातो म्हणणारे आणि बर्फाने ‘विषारी द्रव्यं’ निघतात म्हणणारे, दोघांचा पुरावा सारखाच तोकडा आहे.

तालमीतल्या मल्लांनी मात्र एक गोष्ट नीट वाचावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात २१ पुरुषांनी १२ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम केला. व्यायामानंतर १० मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. स्नायूपेशीत प्रथिनं बांधायला लावणारा पी-७०-एस-६ किनेज हा संदेशवाहक आणि दुरुस्ती करणाऱ्या उपग्रह पेशी, दोन्ही थंडीने दबल्या. म्हणून ताकद कमावण्याच्या महिन्यांत बर्फ नको. उद्या पुन्हा कुस्ती किंवा कबड्डीचा सामना असेल तर चालेल. भरतीच्या दिवशी गोळाफेक, १०० मीटर आणि १६०० मीटर यांच्या मधल्या वेळात तर मुळीच नको, गार स्नायू जोर देत नाही.

हाच ड्रम एका प्रसंगी खरोखर जीव वाचवतो. उन्हात धावणारा मुलगा बरळू लागला, लडखडला, कोसळला आणि अंग भाजत असेल तर तो श्रमाचा उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. आधी गार करा, मग हलवा. अशा वेळी बसका रुंद टब असेल तर उत्तम. काखेतून पंचा घालून डोकं पाण्याबाहेर धरा, बाकी अंग बर्फाच्या पाण्यात, आणि पाणी सतत ढवळा. ताप मोजता येत नसेल तर १० ते १५ मिनिटं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. बर्फ नसेल तर विहिरीची मोटर सुरू करून पाइपाची धार अंगभर धरा.