न्यू जर्सीत तळ्यावर ट्राउट पकडायचाय? लायसन्स, स्टँप आणि कागदपत्रं

एप्रिल जवळ आला की एडिसनच्या रूझवेल्ट पार्कच्या तळ्यात ट्राउट, म्हणजे गोड्या पाण्यातले मासे, सोडतात, आणि आपल्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतोच, मासेमारीचं लायसन्स लागतं का? लागतं. आणि नुसतं लायसन्स घेऊन भागत नाही, ट्राउटसाठी वेगळा ट्राउट स्टँप, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायची जादा परवानगी, लागतो, इथेच बरेच जण फसतात. पकडून लगेच पाण्यात सोडून देणार असाल तरी स्टँप हवाच, कारण नियम ट्राउट पकडायचा नुसता प्रयत्न करण्यालाही लागू आहे.

कोणाला लागतं बघा. 16 ते 69 वयाच्या रहिवाशांना दोन्ही लागतात, सोळाच्या आतल्या मुलांना काहीच नाही. पण पोरगा सात वर्षांचा आणि रॉड सगळा वेळ बाबांच्या हातात असं असेल तर मासेमारी बाबाच करतायत, त्यांचं लायसन्स हवं. रहिवासी म्हणजे अर्ज करायच्या आधी सलग किमान 6 महिने न्यू जर्सीत राहिलेला माणूस, म्हणजे गेल्याच महिन्यात टेक्सासहून शिफ्ट झालात तर सध्या तुम्ही नॉन-रेसिडेंटच.

आता आईबाबांचा मुद्दा, तो नीट वाचा. सत्तरी ओलांडलेल्यांना फ्री आहे असं सगळे सांगतात, पण ती सवलत फक्त रहिवाशांना आहे. इंडियाहून व्हिजिटर व्हिसावर आलेले बाबा 72 चे असले तरी त्यांना नॉन-रेसिडेंट लायसन्स घ्यावं लागतं. 2024 च्या दराने 2 दिवसांचं लायसन्स 9 डॉलर, आणि वर नॉन-रेसिडेंट ट्राउट स्टँप 20 डॉलर! घोड्यापेक्षा नाल महाग. रहिवाशांना त्याच वर्षी लायसन्स 22.50 आणि स्टँप 10.50 होता, 65 ते 69 वाल्यांना लायसन्स 12.50. घेताना चालू दर बघून घ्या.

अर्ज ऑनलाइन होतो, किंवा फिशिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन काउंटरवर. ऑनलाइन करताना राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाच्या सरकारी साइटवरूनच आत शिरा, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवर जाऊ नका. जवळ ठेवायचं म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर. तो नंबर का मागतात म्हणून दचकू नका, फेडरल कायद्यानेच तो घ्यावा लागतो. फॉर्म भरताना ट्राउट स्टँप आठवणीने कार्टमध्ये टाका, तो आपोआप येत नाही. लायसन्स 31 डिसेंबरलाच संपतं, नोव्हेंबरात घेतलं तरी, त्यामुळे घ्यायचंच तर वर्षाच्या सुरुवातीला घ्या. तळ्यावर जाताना सोबत ठेवा, अधिकारी येऊन चेक करतात.

सीझन एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी 8 ला उघडतो, त्याच्या आधीचे काही आठवडे सोडलेला ट्राउट घरी नेता येत नाही. ओपनिंग डेपासून 31 मेपर्यंत माणशी दिवसाला 6, नंतर 4, आणि बहुतेक ठिकाणी मासा किमान 9 इंच हवा, मोजपट्टी न्याच. हे सगळे मासे पेक्वेस्टच्या सरकारी हॅचरीतले, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातले, तिथे वर्षाला साधारण सहा लाख रेनबो ट्राउट वाढवतात आणि ते गोळीखाद्यावर वाढलेले असतात, म्हणून पीठासारखं तयार आमिष त्यांना पटकन आवडतं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तापलं की ट्राउट तिथे टिकत नाही, त्यामुळे नियमात राहून घरी नेऊन रव्यात घोळवून तळलात तर वाईट वाटून घेऊ नका, ते खाण्यासाठीच सोडलेले असतात. एप्रिल हुकला तर ऑक्टोबरात परत सोडतात, आणि थोडे पण मोठे असतात.

आणि आपल्याला हे जमतं का एवढंच बघायचं असेल तर जून आणि ऑक्टोबरात एकेक फ्री फिशिंग डे असतो, त्या दिवशी लायसन्स नको की स्टँप नको, फक्त साइजचे आणि संख्येचे नियम तेच राहतात.