व्हेपच्या कॉइलवरचा काळा थर आणि तारेचे कवच

ब्रिटनमध्ये व्हेप, म्हणजे चवीच्या द्रवाची वाफ करून ती ओढायची ई-सिगारेट, वापरणाऱ्यांपैकी काही हौशी मंडळी द्रव तापवणारी तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, तयार विकत घेण्याऐवजी तार स्वतः गुंडाळतात, वेटोळ्यांतून कापसाची वात ओवतात आणि तीच तार पुन:पुन्हा साफ करून वापरतात. (भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक या सर्वांवर बंदी आहे, त्यामुळे हा उद्योग येथे करता येत नाही.) काही दिवसांच्या वापरानंतर या तारेवर काळाकुट्ट, खरखरीत थर चढतो आणि वाफेला करपट चव येऊ लागते. तार जळाली, असा समज त्यावरून सहज होतो, पण हा थर तारेचा नसून द्रवाचा असतो.

द्रवातील प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला, तर ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना उकळते. वात ओली आहे तोवर तारेची उष्णता बाष्पीभवनात खर्च होते आणि तिचे तापमान साधारण याच टप्प्यात राहते. गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजची मात्र वाफ होण्याआधीच मोडतोड होते आणि मागे उरलेला कार्बन तारेला चिकटतो. म्हणूनच गोड, गडद रंगाच्या द्रवाने कॉइल लवकर काळी पडते.

हा थर काढण्याची रूढ पद्धत म्हणजे वात काढून टाकून कोरडी तार थोडा थोडा वेळ तापवणे. द्रव नसल्याने बाष्पीभवनाचा लगाम सुटतो आणि तार लालभडक होते. धातूचा लाल उजेड अंधारात दिसू लागतो तोच मुळी सव्वापाचशे अंशांच्या आसपास. त्यामुळे इतक्या उष्णतेत थरातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळून जातो आणि उरलेली भुरकट राख मऊ ब्रशने सुटते.

मग या आगीत तारच कशी टिकते? कँथल या लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच तयार होते आणि ते खालच्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोहोचू देत नाही. निकेल आणि क्रोमियमच्या नायक्रोमवर हेच काम क्रोमियम ऑक्साइड करते. कँथलच्या कवचाचा आणखी एक उपयोग आहे: ते वीज वाहू देत नाही. एकमेकांना टेकलेल्या नव्या वेटोळ्यांत सुरुवातीला वीज आडवाटेने जाते आणि एखाद्याच ठिकाणी तार भगभगते. चिनी मातीच्या टोकाच्या चिमट्याने वेटोळी नीट बसवून तार हळूहळू तापवली की कवच धरते आणि लाली मधल्या वेटोळ्यापासून दोन्ही टोकांकडे सारखी पसरते.

माझ्या मते साफसफाईचे सारे नियम या कवचापाशी येऊन थांबतात. लालबुंद तार पाण्यात बुडवली तर धातू आणि ऑक्साइड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, आणि कवचाला भेगा पडू शकतात. तार आधी निवू द्यावी, मगच पाण्याखाली धरावी. तारेच्या ब्रशने खरवडणे त्याच कारणाने टाळावे. स्पिरिटने पुसली असल्यास ते पूर्ण उडून गेल्याशिवाय बटण दाबू नये. कँथल खूप तापल्यावर त्यातील स्फटिककण मोठे होऊन थंड तार ठिसूळ बनते, म्हणून वापरलेली कॉइल वाकवताना अनेकदा कडकन मोडते; नायक्रोमला हा दोष फारसा नाही. टिटॅनियमची तार मात्र कोरडी लाल करूच नये, कारण तिच्यावर सुटी होऊ शकणारी पांढरी भुकटी चढते आणि तार पेटण्याचाही धोका असतो.

हे कवच अभेद्य नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपकरणातून निघालेल्या वाफेत निकेल, क्रोमियम आणि शिसे यांचे प्रमाण बाटलीतील मूळ द्रवापेक्षा कितीतरी अधिक आढळले. तापणाऱ्या कॉइलकडेच त्याचा रोख होता. स्वच्छ कॉइलने करपट चव जाते, एवढाच तिचा दावा मानावा.

साफ केलेली तार पुन्हा बसवल्यावर ओहममापकाने रोध पाहणे अत्यावश्यक आहे. ०.५ ओहमच्या कॉइलमधून ४ व्होल्टला ८ अँपिअर वीज वाहते, म्हणजे ३२ वॉट. तार आवळणाऱ्या स्क्रूजवळ तिचे टोक चुकून कॉइलभोवतीच्या धातूच्या भांड्याला टेकले तर रोध जवळजवळ शून्यावर येतो आणि लिथियम बॅटरी धोकादायक रीतीने तापते. आकडा पूर्वीपेक्षा बराच वेगळा येत असेल, तार कुठे बारीक झालेली दिसत असेल किंवा लाली एकाच जागी अडत असेल, तर ती टाकून नवी गुंडाळावी.