स्क्रिप्टने नेटवर्क स्विच सांभाळणं

स्विच म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर वगैरे नेटवर्कला जोडणारा डबा. एकेका स्विचवर लॉगिन करत बसण्याऐवजी स्क्रिप्ट (कमांड आपोआप चालवणारा छोटा प्रोग्राम) लिहून एकदम अनेक स्विचवर कमांड चालवणं, त्यांची कॉन्फिग (सगळी सेटिंग्ज) उतरवून ठेवणं, बदल टाकणं आणि तो नीट बसला का ते तपासणं, या सगळ्याला मिळून स्विच ऑटोमेशन म्हणतात. चार-पाच स्विच असतील तर हाताने पटकन होतं, कोणी स्क्रिप्टच्या भानगडीत पडत नाही. पण दोनशे स्विचवर एनटीपी सर्व्हरचा, म्हणजे घड्याळाची वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलायचं काम आलं की माणूस पन्नासाव्या स्विचपर्यंत कंटाळतो, कुठेतरी एक आकडा चुकतो, आणि तो नेमका कुठल्या स्विचवर चुकला हे शोधायला परत दोनशे लॉगिन.

यातली खरी डोकेदुखी कमांड पाठवण्यात नाही, उत्तर वाचण्यात आहे. स्विचची कमांड लाइन माणसाने डोळ्यांनी वाचावी म्हणून बनवलेली आहे आणि स्क्रिप्टला डोळे नसतात. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेत डॉन लिब्स यांनी एक्सपेक्ट नावाचं टूल बनवलं, त्याचं काम एवढंच की समोरून ठराविक मजकूर येईपर्यंत थांबायचं आणि आला की पुढची ओळ टाइप करायची. टेलनेटच्या, म्हणजे दूरच्या मशीनवर एन्क्रिप्शनशिवाय लॉगिन करायच्या, जमान्यात कित्येक नेटवर्क यावरच चालली. पण यात गमती फार. चालू कॉन्फिग दाखवणारी शो रनिंग-कॉन्फिग कमांड दिली की स्विच एक पान दाखवून --मोर-- वर थांबतो, माणूस स्पेसबार दाबतो, स्क्रिप्ट मात्र प्रॉम्प्टची (पुढची कमांड मागणाऱ्या खुणेची) वाट बघत अडकते, म्हणून सिस्को कंपनीच्या स्विचवर लॉगिननंतर सगळ्यात आधी हे पानापानाने थांबणं बंद करणारी टर्मिनल लेन्थ 0 देतात. दुसरं म्हणजे स्क्रिप्ट # दिसलं की प्रॉम्प्ट आला असं समजते, आणि कोणीतरी लॉगिन बॅनरला # ची छान चौकट काढून ठेवलेली असते, झालं, पासवर्ड मागायच्या आधीच कमांड सुटायला लागतात.

पुढे टेलनेट जाऊन तेच काम एन्क्रिप्ट करून करणारं एसएसएच आलं, एक्सपेक्टच्या जागी बहुतेक लोक पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर आले. पॅरामिको ही पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) नुसतं एसएसएच कनेक्शन देते. तिच्यावर बांधलेली, कर्क बायर्स यांची नेटमिको त्यापुढचं बघते, म्हणजे कुठल्या कंपनीच्या स्विचचा प्रॉम्प्ट कसा असतो, पेजिंग (पानापानाने थांबणं) कसं बंद करायचं, कॉन्फिग मोडमध्ये कसं जायचं हे तिला आधीच माहीत असतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. फक्त जुने स्विच असतील तर नवीन एसएसएच क्लायंट कनेक्टच होत नाही, कारण त्या स्विचचे एन्क्रिप्शनचे जुने अल्गोरिदम आता क्लायंटमध्ये डिफॉल्टला बंद असतात.

कनेक्शन जमलं तरी आउटपुट फोडायचं राहतंच. शो इंटरफेसेस स्टेटस या कमांडच्या आउटपुटमध्ये पोर्ट, नाव, स्टेटस, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क) असे कॉलम दिसतात, म्हणून नवखा माणूस स्पेसवर तुकडे करून चौथा तुकडा व्हीलॅन धरतो. पण एका पोर्टचं नाव दोन शब्दांचं असतं, दुसऱ्याला नावच नसतं, आणि सगळे कॉलम सरकतात, स्क्रिप्ट एरर न देता खुशाल चुकीचा रिपोर्ट काढते. यासाठी गुगलमधून आलेलं टेक्स्टएफएसएम वापरतात, त्यात आउटपुटचा साचा लिहून ठेवायचा असतो आणि नेहमीच्या कमांडचे साचे लोकांनी आधीच करून ठेवलेत.

आता हे मुळातूनच सोडवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. नेटवर्कवरची उपकरणं सांभाळायचं एसएनएमपी 1988 पासून आहे, पण लोक ते पोर्टचे काउंटर वाचायला वापरतात, कॉन्फिग टाकायला क्वचितच. 2002 मध्ये प्रोटोकॉल बनवणारे आणि प्रत्यक्ष नेटवर्क चालवणारे एकत्र बसले, तिथली गाऱ्हाणी आरएफसी 3535 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) छापली आहेत, आणि त्यातून 2006 साली कॉन्फिग बदलण्यासाठीच बनवलेलं नेटकॉन्फ आलं, 2010 मध्ये त्याच्यासाठी यांग ही डेटाची मॉडेल लिहायची भाषा. नेटकॉन्फ नेटवर्क पोर्ट क्रमांक 830 वर चालतं, डेटा एक्सएमएल या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या साच्यात असतो, आणि जिथे सपोर्ट असेल तिथे बदल आधी बाजूला तयार करून मग एकदम कमिट (लागू) करता येतो. कागदावर प्रश्न संपला, पण जुने आणि स्वस्तातले बरेच स्विच नेटकॉन्फ बोलतच नाहीत, म्हणून एसएसएचवरून स्क्रीन वाचणं आजही चालूच आहे.

बदल टाकणाऱ्या स्क्रिप्टचा सगळ्यात कुप्रसिद्ध घोळ ट्रंक पोर्टचा, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच तारेवरून नेणाऱ्या पोर्टचा. सिस्कोवर चालू ट्रंकला व्हीलॅन 30 जोडायचं तर स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड 30 लिहावं लागतं. त्यातलं ॲड राहिलं तर यादीत 30 जोडलं जात नाही, आख्खी यादी पुसून एकटं 30 उरतं. तो ट्रंक अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी तार) असेल आणि मॅनेजमेंटचं, म्हणजे स्विचवर लॉगिन करायचं, व्हीलॅन त्यावरूनच जात असेल तर तुमचं सेशनही तिथेच मेलं. हाताने केलं असतं तर एक स्विच गेला असता, स्क्रिप्टच्या लूपमध्ये असेल तर काही मिनिटांत सगळी बिल्डिंग. फेसबुक 4 ऑक्टोबर 2021 ला काही तास बंद पडलं तेही मेंटेनन्समधल्या एका कमांडमुळे, आणि असली कमांड अडवायला जे ऑडिट टूल होतं त्यातच बग होता.

म्हणून परतीची वाट आधी ठेवतात. ज्युनिपर कंपनीच्या स्विचवर कमिट कन्फर्म्ड दिलं आणि पुन्हा कमिट करून पक्कं केलं नाही तर डिफॉल्ट 10 मिनिटांनी जुनी कॉन्फिग आपोआप परत येते. जुन्या सिस्को स्विचवर लोक रीलोड इन 10 (10 मिनिटांनी रीबूट) लावतात, सगळं ठीक असलं तर रीलोड कॅन्सल, नाहीतर स्विच रीबूट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर जातो. अर्थात तपासायच्या आधीच स्क्रिप्टने राइट मेमरी (कॉन्फिग सेव्ह) केलं असेल तर या युक्तीचा काही उपयोग नाही, चुकीचीच कॉन्फिग परत येईल.

पहिली स्क्रिप्ट मात्र बदल करणारी नसावीच, बॅकअपची असावी. रॅन्सिड हे जुनं टूल आणि त्याच्या जागी आलेलं ऑक्सिडाइज्ड हेच करतात, ठराविक वेळाने प्रत्येक स्विचची कॉन्फिग उतरवून फरक दाखवतात. त्यासाठी फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं अकाउंट पुरतं, आणि त्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून गिटमध्ये (कोडचे बदल साठवणाऱ्या टूलमध्ये) टाकायचा नसतो, बाहेरून द्यायचा.